एका रेल्वे-खेळाचं पुनर्लेखन

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी उभी हयात मोडी दप्तरांत घालवली. मूठभर जाणकारांनाच लागणारा कागद चारचौघांना वाचता येईल अशा अक्षरांत आणून ठेवायचा, हे त्यांचं काम. संयोजकांनी विषय निवडायची मोकळीक दिली तेव्हा त्याच जातीचं एक काम माझ्या डोळ्यांसमोर आलं. ते संगणकाच्या जगातलं आहे, परदेशात घडलेलं आहे आणि एका खेळाबद्दलचं आहे. खेळाबद्दलचं आहे म्हणून त्याला हलकं लेखू नये, एवढी विनंती सुरुवातीलाच करतो. मी पेशानं प्रोग्रामर आहे. गेली कित्येक वर्षं मी या खेळाचा कोड वाचत आलो आहे, आणि सॉफ्टवेअर कसं टिकतं याबद्दल मला जे काही कळलं, त्यातलं बरंचसं इथूनच कळलं.

१९९४ साली मायक्रोप्रोज कंपनीनं ‘ट्रान्सपोर्ट टायकून’ हा खेळ बाजारात आणला. पुढच्याच वर्षी त्याची वाढवलेली आवृत्ती आली, ‘ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स’, थोडक्यात टीटीडी. लिहिणारे क्रिस सॉयर, स्कॉटलंडचे. चित्रं सायमन फॉस्टर यांची, संगीत जॉन ब्रूमहॉल यांचं. प्रोग्रामिंग मात्र सॉयर यांनी एकहाती केलेलं. ‘डिलक्स’मध्ये खेळणाऱ्याच्या हाती येतं ते एवढंच: डोंगर-नद्यांचा एक प्रदेश, कर्जाऊ घेतलेलं भांडवल आणि १९५० साल. कोळशाची खाण इकडे, वीजकेंद्र तिकडे. मध्ये रूळ टाकायचे, गाडी घ्यायची, कोळसा पोचवायचा. भाडं मिळतं ते अंतरावर आणि वेळेवर. माल लांब नेला तर पैसे जास्त, पण वाटेत रखडला तर कमी. आलेल्या पैशातून दुसरा मार्ग, मग तिसरा. वाफेची इंजिनं जाऊन डिझेल येतं, मग वीज, पुढे एकरुळी गाड्या. शेजारी प्रतिस्पर्धी कंपन्या तेच करत असतात. यात बंदूक नाही, शत्रूला मारणं नाही. डावपेच आहेत ते सगळे जमीन, कर्ज, वेळ आणि सिग्नल यांचे.

हा खेळ सॉयर यांनी जवळजवळ संपूर्ण असेंब्ली भाषेत लिहिला होता. असेंब्ली म्हणजे प्रोसेसरला थेट कळणाऱ्या आज्ञा: अमुक कप्प्यातली संख्या उचल, तमुकमध्ये मिळव, शून्य आली तर तिकडे उडी मार. त्या काळच्या दुबळ्या संगणकावर शेकडो गाड्या एकाच वेळी धावत ठेवायच्या तर याला मोल होतं. पण अशा प्रोग्रामचा जीव एका प्रोसेसर-घराण्यात आणि एका कार्यप्रणालीत अडकलेला असतो. डॉस गेलं, विंडोज बदलत गेली, आणि दहा वर्षांच्या आत हा खेळ नव्या यंत्रांवर धड चालेना. पुस्तक जुनं झालं की पिवळं पडतं, पण वाचता येतं. प्रोग्राम जुना झाला की उघडतच नाही.

खेळणारे गप्प बसले नाहीत. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जोसेफ ड्रेक्सलर यांनी ‘टीटीडीपॅच’ नावाचं काम हाती घेतलं. त्यांच्यापाशी मूळ कोड नव्हता, होती ती विकत मिळालेली तयार फाइल. त्यांचा पॅच खेळ सुरू होताना मेमरीत शिरायचा, ठरावीक बाइटांच्या ओळी शोधायचा आणि तिथे स्वतःच्या आज्ञा बसवायचा. गाड्या वाढवल्या, लांबलचक फलाट आणले, नवे सिग्नल आणले. दुसऱ्याच्या बंद घरात, भिंतींना हात न लावता, केलेलं हे काम थक्क करणारं होतं. पण त्याला हद्द होती. नकाशाचे २५६ गुणिले २५६ चौकोन मूळ प्रोग्रामच्या हाडामांसात होते, आणि पॅच कितीही हुशार असला तरी त्यांना तो हलवू शकत नव्हता.

ते हलवणं शक्य झालं लुडविग स्ट्रिगेअस या स्वीडिश प्रोग्रामरमुळे. त्यांनी तयार फाइल उलगडली आणि तिच्यातली असेंब्ली एकेक भाग करून सी भाषेत पुन्हा लिहून काढली. मार्च २००४ मध्ये ‘ओपनटीटीडी’ची पहिली आवृत्ती जाहीर झाली, कोडसकट, जीपीएल परवान्याखाली. म्हणजे कुणीही घ्या, वाचा, बदला, वाटा. अट एकच: बदललेली प्रत वाटलीत तर तिचा कोडही त्याच मोकळेपणानं द्यायचा.

या कामाचं स्वरूप या सभागृहात सांगायला मोडीचाच दाखला योग्य. मोडी कागदात शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घ नसतं. अक्षरं लागली तरी वाक्य कुठे संपलं, हे वाचणाऱ्यानंच ठरवायचं. प्रोग्रामची तयार फाइलही तशीच. तिच्यात ना चलांची नावं, ना टिपा. कुठल्या बाइट आज्ञा आहेत आणि कुठल्या नुसती माहिती, याचीही खूण नाही. एक संख्या वाढताना दिसते. ती गाडीचा वेग आहे की गावाची लोकसंख्या की बँकेतली शिल्लक? खेळ चालवून, थांबवून, पुन्हा चालवून, ती बदलली की पडद्यावर काय हलतं ते पाहून ठरवायचं आणि मग तिला नाव द्यायचं. असं एक एक नाव देत संपूर्ण खेळ वाचनीय झाला. मला या सगळ्या इतिहासातला हा टप्पा सर्वांत मोठा वाटतो. पुढे जे घडलं ते नाव दिल्यामुळे घडलं.

जुन्या खेळाला नवं रूप द्यायची ही एकच रीत आहे असं नाही. डेन्मार्कमधल्या आर्हुस विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९९५-९६ मध्ये ‘फ्रीसिव्ह’ सुरू केला. ‘सिव्हिलायझेशन’सारखा खेळ त्यांनी बाहेरून पाहून, नियम समजून घेऊन, कोड सगळा स्वतःचा लिहून उभा केला. ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’साठीचा ‘व्हीसीएमआय’ किंवा ‘एज ऑफ एम्पायर्स २’साठीचा ‘ओपनएज’ यांनी मधली वाट धरली: इंजिन नवं, पण चित्रं आणि आवाज खेळणाऱ्यानं विकत घेतलेल्या मूळ प्रतीतून उचलायचे. प्रत्येक रीतीची किंमत वेगळी. बाहेरून पाहून लिहिलं तर हात स्वच्छ राहतात, पण खेळ ‘तसाच’ उतरत नाही. आतून उलगडून लिहिलं तर तो हुबेहूब उतरतो, पण कायद्याची सावली डोक्यावर राहते. त्याकडे येतोच.

आधी ‘हुबेहूब’ म्हणजे काय ते पाहू. खेळाची चित्रं सारखी असली म्हणजे खेळ सारखा होत नाही. गाडी चढावर किती मंदावते, स्थानकावर माल किती वेळ टिकतो, नगरपालिकेची मर्जी झाडं तोडल्यावर किती घसरते, अशा शेकडो बारीक हिशेबांतून खेळाची चव तयार होते. खेळणाऱ्यांच्या बोटांना ते हिशेब पाठ असतात. एखाद्या सूत्रात पूर्णांक भागाकारामुळे उरलेली बाकी मूळ खेळात टाकून दिली जात असेल, तर नव्यातही ती टाकलीच पाहिजे, नाहीतर वीस वर्षं खेळणारा माणूस पाच मिनिटांत म्हणतो, काहीतरी बिनसलंय.

या काटेकोरपणाची खरी कसोटी लागते ती अनेकांनी मिळून खेळताना. मूळ खेळ दोघांपुरता होता. ओपनटीटीडीत एका सर्व्हरवर २५५ जण आणि १५ कंपन्या नांदू शकतात. आता विचार करा. हजारो गाड्या, शेकडो गावं, लाखो चौकोन. प्रत्येक गाडीची जागा दर क्षणी प्रत्येकाला कळवायची म्हटली तर कुठलीही इंटरनेट जोडणी पुरणार नाही. म्हणून काहीच कळवायचं नाही, असं ठरवलं गेलं. प्रत्येकाच्या संगणकावर संपूर्ण जग स्वतंत्रपणे चालतं. तारेवरून जातात त्या फक्त माणसांच्या आज्ञा: अमुक ठिकाणी रूळ टाका, आणि तो अमुक टप्प्याला टाका. सगळी यंत्रं तो रूळ त्याच टप्प्याला टाकतात. खेळाचं काळीज सेकंदाला तीसहून अधिक ठोके देतं, ७४ ठोक्यांचा एक दिवस होतो, आणि प्रत्येक ठोक्याला पुण्यातलं जग आणि स्टॉकहोममधलं जग तंतोतंत एकच असावं लागतं. एका गाडीची जागा जरी वेगळी निघाली, तरी तो फरक काही मिनिटांत सगळ्या नकाशावर पसरतो. खेळणाऱ्यांच्या भाषेत याला डीसिंक म्हणतात. ज्याचं जग फुटलं, तो डावातून बाहेर पडतो.

मग नशिबाचं काय? गाडी कधी बिघडेल, खाणीचं उत्पादन कधी वाढेल, हे योगायोगावर असतं. पण प्रत्येक यंत्रावरचा योगायोग एकच हवा. म्हणून खेळात एक यादृच्छिक संख्या काढणारं छोटंसं फंक्शन आहे. त्याच्या पोटात ३२ बिटांच्या दोन संख्या. एकीत दुसरी मिसळायची, बिट काही घरं फिरवायचे, बेरीज करायची, एक वजा करायचा, आणि झाली नवी संख्या. चार-पाच ओळींचा ऐवज. सुरुवातीच्या दोन संख्या सगळ्यांकडे सारख्या असल्या की पुढचं सगळं ‘नशीब’ सगळ्यांकडे सारखं. सर्व्हर अधूनमधून आपल्याकडची ही पोटातली संख्या पाठवतो, आणि प्रत्येक यंत्र ती स्वतःच्या संख्येशी पडताळून पाहतं. जुळल्या नाहीत, तर जग फुटलं हे कळतं.

इथली एक गोष्ट मला फार आवडते. ओपनटीटीडीत असे फासे दोन आहेत. एक जगाचा, तो सगळ्यांचा एकच. दुसरा प्रत्येकाच्या पडद्यापुरता, म्हणजे ज्याचा जगाच्या निकालाशी संबंध नाही अशा गोष्टींसाठी, उदाहरणार्थ पुढचं गाणं कोणतं लावायचं. नव्या माणसानं लिहिताना चुकून पडद्यासाठी जगाचा फासा टाकला, तर त्याच्या यंत्रावर सगळं सुरळीत दिसतं. एकट्यानं खेळताना महिनोन्महिने काही कळत नाही. आणि एके दिवशी चाळीस जणांच्या सर्व्हरवर सगळे एकामागून एक बाहेर फेकले जातात. म्हणून या प्रकल्पात कुणी कोड पाठवला की तपासणारे पहिल्यांदा अशा जागा बघतात: फासा कोणता, हिशेब पूर्णांकांत आहे की दशांशात, यादीतला क्रम प्रत्येक यंत्रावर एकच येईल का. दशांश अपूर्णांकांची बेरीज दोन प्रोसेसरांवर शेवटच्या घरात वेगळी निघू शकते, म्हणून जगाच्या हिशेबात त्यांना जवळजवळ मज्जावच आहे.

जवळून पाहावी अशी दुसरी जागा म्हणजे जतन केलेले डाव उघडणारी फाइल. मूळ खेळ तारीख १९२० पासूनचे दिवस मोजून ठेवायचा, आणि त्यासाठी १६ बिटांची जागा होती. १६ बिटांत ६५,५३६ दिवस मावतात, म्हणजे साधारण १७९ वर्षं. सन २०९९ च्या सुमाराला कालगणना संपते. ओपनटीटीडीनं ही गणना शून्य सालापासून सुरू केली आणि जागा ३२ बिटांची केली. आता खेळ सन ५०,००,००० पर्यंत चालू शकतो. कुणाला एवढं खेळायचं असेल, असं आपण म्हणू. पण प्रश्न तो नाही. ज्यांच्याकडे जुन्या मोजणीतले जतन केलेले डाव आहेत, त्यांचं काय करायचं? उत्तर त्या फाइलमध्ये लिहिलेलं आहे: जतन-आवृत्ती ३१ च्या आधीची असेल, तर प्रत्येक तारखेत शून्य सालापासून १९२० पर्यंतचे दिवस मिळवा. गाड्यांच्या तारखा, स्थानकांच्या तारखा, कंपन्यांच्या तारखा, सगळ्यांत. आज या आवृत्त्यांची संख्या तीनशेच्या पुढे गेली आहे. फाइल वरून खाली वाचत गेलात, तर ‘अमुक आवृत्तीच्या आधीचं असेल तर’ अशा अटींची लांबच लांब रांग दिसते. प्रत्येक अटीमागे कुणीतरी केलेली सुधारणा आहे, आणि त्या सुधारणेपायी कुणा अनोळखी माणसाचा जुना डाव मोडू नये म्हणून घेतलेली काळजी आहे. १९९५ सालच्या मूळ ‘डिलक्स’मध्ये जतन केलेला डावही ओपनटीटीडी उघडतो. व्यापारी सॉफ्टवेअर वापरणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना पंचवीस वर्षांपूर्वीची स्वतःची फाइल आज उघडता येते, हे ज्यानं त्यानं घरी जाऊन पाहावं.

जतन करता करता खेळ पुढेही न्यायचा होता. रेल्वेनं जाणारा मराठी माणूस ‘गाडी आउटरला उभी आहे’ हे वाक्य लहानपणापासून ऐकतो. मूळ खेळातले सिग्नल तसेच होते: दोन सिग्नलांमधला रूळ हा एक खंड, आणि एका खंडात एका वेळी एकच गाडी. सांध्यांच्या जाळ्यापाशी, म्हणजे जिथे चार रूळ एकमेकांत मिसळतात तिथे, ते सगळं जाळं एकच खंड ठरायचं. दोन गाड्यांच्या वाटा एकमेकींना शिवतही नसल्या तरी एकीला बाहेर तिष्ठत राहावं लागायचं. २००९ च्या ०.७ आवृत्तीत मार्ग-सिग्नल आले. आता गाडी सिग्नलपाशी आली की पुढच्या सुरक्षित थांब्यापर्यंतचा नेमका मार्ग स्वतःसाठी राखून ठेवते. दुसरीचा मार्ग याला छेदत नसेल, तर ती त्याच क्षणी निघते. खऱ्या रेल्वेच्या केबिनमध्ये मार्ग लावून कुलूपबंद करतात, त्याचीच ही प्रतिमा. याच आवृत्तीत संगणकाचे प्रतिस्पर्धी कुणालाही स्क्रिप्ट लिहून बनवता येतील अशी सोय झाली, आणि मूळ खेळातले वेडेवाकडे रूळ टाकणारे जुने प्रतिस्पर्धी निवृत्त झाले. २०१४ मध्ये प्रवाशांना ठरावीक गंतव्य देता येऊ लागलं. त्याआधी प्रवासी जिथे उतरवाल तिथे मुकाट उतरत. नकाशा ४,०९६ गुणिले ४,०९६ चौकोनांपर्यंत वाढला, म्हणजे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ चौकोन. मूळच्या २५६ पट.

प्रत्येक वेळी वाद झाले. नवं वागणं सगळ्यांवर लादायचं, की ज्याला हवं त्यानं चालू करायचं? बहुतेक वेळा दुसरा पर्याय निवडला गेला. प्रवाशांचं गंतव्य आजही सेटिंगमध्ये जाऊन मुद्दाम चालू करावं लागतं. हे उदार वाटतं, आणि आहेही. पण त्याची किंमत मोठी असते. एक सेटिंग वाढलं की सांभाळायचे खेळ दोन होतात. दुसरं वाढलं की चार. त्यांच्या जोड्यांमधून असे दोष निघतात, की ज्यांची कल्पना दोन्ही सेटिंगं लिहिणाऱ्यांनी केलेली नसते. माझं मत स्पष्ट आहे: असल्या प्रकल्पात ‘नाही’ म्हणणारा माणूस ‘हो’ म्हणणाऱ्याइतकाच लागतो, आणि तो जास्त दुर्मीळ असतो. हौशी मंडळी काहीतरी नवं जोडायला येतात. आलेलं पुढची दहा वर्षं सांभाळायला फार थोडे उरतात.

कोड मोकळा झाला तरी एक अडचण राहिलीच होती. चित्रं, आवाज, संगीत हे सगळं मूळ खेळाच्या मालकीचं. त्यामुळे पहिली काही वर्षं ओपनटीटीडी चालवायला जुन्या खेळाची प्रत हवीच होती, आणि ती दुकानातून तर नाहीशी झालेली. मग जगभरच्या हौशी चित्रकारांनी सगळी चित्रं नव्यानं काढायला घेतली. हे काम किती किचकट होतं, हे एका चौकोनावरून कळेल. जमिनीचा एक चौकोन पडद्यावर ६४ गुणिले ३१ ठिपक्यांचा असतो. सपाट जमिनीसाठी एक चित्र, आणि उतार-कोपरे धरून एकूण १९. गवताची १९, खडकाची १९, बर्फाच्या प्रत्येक थराची १९. एकाचा कोपरा दुसऱ्याच्या कोपऱ्याला बिनफटीचा भिडला पाहिजे. गाडीचं प्रत्येक इंजिन, प्रत्येक वाघीण आठ दिशांनी काढायची. रंग फक्त २५६, त्यातले काही पाण्याची लकाकी हलती दाखवण्यासाठी राखीव, काही कंपनीचा रंग चढवण्यासाठी राखीव. आणि चित्राचा क्रमांक मूळ चित्राच्या क्रमांकाशी जुळलाच पाहिजे, कारण कोड चित्राला क्रमांकानं हाक मारतो. हजारो चित्रं अशी काढली गेली. ‘ओपनजीएफएक्स’ हा संच २००९ च्या अखेरीस पुरा झाला. मूळचे ७३ आवाज होते. तेही नवे जमवले. संगीतही नवं जमवलं. एप्रिल २०१० मध्ये ओपनटीटीडी १.० आली, ती मूळ खेळाची एकही फाइल न मागता चालणारी. यातल्या चित्रकारांची नावं सहसा कुणाच्या ओठांवर येत नाहीत. माझ्या मते प्रोग्रामरांइतकाच हा प्रकल्प त्यांचा आहे.

आता कायदा. खेळाची कल्पना, त्याचे नियम यांवर प्रताधिकार चालत नाही. तो चालतो त्या कल्पनेच्या विशिष्ट अभिव्यक्तीवर: कोडवर, चित्रांवर, संगीतावर. २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयानं सॅस इन्स्टिट्यूट विरुद्ध वर्ल्ड प्रोग्रॅमिंग या खटल्यात सांगितलं, की प्रोग्राम काय काम करतो ही गोष्ट प्रताधिकाराखाली येत नाही. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्येही प्रोग्राम चालवून, त्याचं निरीक्षण करून त्यामागची तत्त्वं जाणून घ्यायला वाट ठेवलेली आहे. पण दुसऱ्याची तयार फाइल उलगडून ती ओळीमागून ओळ दुसऱ्या भाषेत उतरवणं, ही या वाटेच्या काठावरची गोष्ट आहे. २०२१ मध्ये टेक-टू कंपनीनं ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’च्या जुन्या खेळांचा असाच उलगडा करणाऱ्या प्रोग्रामरांवर अमेरिकेत खटला भरला. ओपनटीटीडीवर अशी वेळ आलेली नाही. सॉयर यांनी २०१३ मध्ये स्वतःच्या खेळाची मोबाइल आवृत्ती काढली, तरीही दोन्ही शेजारी नांदले. याचं श्रेय कायद्याला देऊ नये. ते हक्कदारांच्या समंजसपणाला आहे, आणि असा समंजसपणा प्रत्येक खेळाच्या वाट्याला येईल याची कुणी हमी देऊ शकत नाही.

म्हणून मला इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीनं केलेली गोष्ट आदर्श वाटते. तिच्या ‘कमांड अँड कॉन्कर’ या जुन्या युद्धखेळांसाठी ‘ओपनआरए’ हे मुक्त इंजिन उत्साही मंडळींनी २००७ पासून उभं केलं होतं. कंपनीनं २०२० मध्ये या मालिकेतल्या पहिल्या दोन खेळांच्या कोडचा मोठा भाग, आणि २०२५ मध्ये चार खेळांचा संपूर्ण मूळ कोड जीपीएल परवान्याखाली खुला केला. ज्या खेळातून कंपनीला मिळायचं ते मिळून गेलं, त्याचा कोड बंद कपाटात कुजवण्यात कुणाचाच फायदा नाही. कपाट हरवतं, कंपनी विकली जाते, डिस्क खराब होते. मोकळा झालेला कोड हजार ठिकाणी राहतो.

स्ट्रिगेअस स्वतः सुरुवातीच्या काळानंतर या प्रकल्पातून बाजूला झाले आणि दुसऱ्या कामांना लागले. म्युटोरंट हा फाइली उतरवून घेण्याचा प्रोग्राम त्यांचाच, आणि पुढे स्पॉटिफायच्या उभारणीतही ते होते. एकट्याच्या बुद्धीवर उभा राहिलेला प्रकल्प अशा वेळी बहुधा कोसळतो. हा कोसळला नाही. पाठोपाठ आलेल्यांनी सीचा कोड सी++मध्ये आणला, फंक्शनांना नीट नावं दिली, नियम लिहून ठेवले, आणि मग तेही दमून दुसऱ्यांच्या हाती देऊन गेले. २०२१ च्या एप्रिलमध्ये खेळ स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातही आला, फुकट. पगार कुणालाच नाही. मोडी कागद एकदा बाळबोधीत उतरला की पुढचा अभ्यासक पहिल्याच्या खांद्यावर उभा राहतो, तसं इथे झालं. स्ट्रिगेअस यांनी वाचनीय कोड मागे ठेवला नसता, तर त्यांच्यामागून कुणालाच काही करता आलं नसतं.

आता आपल्याकडचं. या खेळात पडद्यावर दिसणारं प्रत्येक वाक्य इंग्रजी फाइलमध्ये एका नावाखाली लिहिलेलं असतं, आणि प्रत्येक भाषेची तशीच एक फाइल असते. संख्या, स्थानकाचं नाव, पैसे यांच्या जागा वाक्यात मोकळ्या सोडलेल्या असतात, आणि त्या आपल्या वाक्यरचनेप्रमाणे पुढेमागे हलवता येतात. जुन्या खेळात अक्षरं म्हणजे काढलेली रोमन चित्रं होती. आजच्या इंजिनात देवनागरीची मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरं नीट बसवण्याची यंत्रणा आहे. तेव्हा तांत्रिक अडचण काही नाही. तमिळ मुख्य यादीत आहे. मराठीचीही एक फाइल त्या प्रकल्पात आहे, पण ती अपुऱ्या भाषांच्या फोल्डरात आहे. कुणीतरी सुरुवात केली, आणि काम मध्येच राहिलं.

ते पुरं करायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही. रेल्वेची मराठी यावी लागते. मनमाड, भुसावळ, दौंड, सोलापूर इथल्या घराघरांत सांधा, फलाट, वाघीण, यार्ड, घाटाचं इंजिन हे शब्द रोजच्या बोलण्यातले आहेत. नोकरीतून निवृत्त झालेली पिढी आज घरी आहे, आणि शेजारी कॉलेजात जाणारी, संगणकावर सराईत मुलं आहेत. दोघांनी मिळून बसावं आणि ती फाइल पुरी करावी, अशी माझी या सभागृहाला विनंती आहे. ज्यांना यात उतरायचं असेल त्यांनी व्याख्यानानंतर मला इथेच भेटावं.